सुभेदाराचा उपास

प्रिय अण्णा,

सासऱ्यांना पत्र लिहायचं तर सुरुवात 'तीर्थरूप'ने व्हायला हवी, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही त्या शब्दाला नेहमी हसायचात, म्हणून राहू दे. आज लिहायला बसले ती तुमची परवानगी मागायला. खरं तर काम आधीच करून बसले आहे आणि परवानगी नंतर मागते आहे. दहाव्याला शिप्रेच्या घाटावर आईंनी तुम्हाला जो शब्द दिला होता ना, तो मी मोडला. तुमचा सुभेदार, तुमचा निळा फायटर मासा, परवापासून उपाशी आहे आणि मीच त्याला उपाशी ठेवलं आहे.

रागावू नका. त्याचं पोट फुगलंय, अण्णा! तुम्ही गेल्यापासून आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला इतकं खाऊ घातलं की बिचारा आता नीट पोहूही शकत नाही.

शाळेतून आले आणि गच्चीवर उन्हात बसले आहे. पौषातली थंडी यंदा जरा जास्तच आहे. खाली आई मटार सोलताहेत. तुमच्याशी बोलायला एवढी शांतता गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच मिळाली.

आठवतं, तुम्ही रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालात तेव्हा घरात तुमचं काय करावं हेच कुणाला कळेना? सुधीरने मोठ्या हौसेने केबल घेतली. तुम्ही चार दिवस रिमोट दाबत बसलात आणि म्हणालात, "इतके सारे चॅनल, आणि बघण्यासारखं काहीच नाही भेटत!" मग मी टावर चौकातल्या नव्या दुकानातून लाल फायटर आणला. तुम्ही नाक मुरडलंत. पण दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधी तुम्ही चष्मा लावून त्या बरणीपुढे बसला होतात.

तो लाल मासा काही टिकला नाही. आपल्या उज्जैनला मासे म्हटलं की रामघाट आणि आट्याच्या गोळ्या, त्यापलीकडे कुणाला काय माहीत! तुम्ही ओसरीवर बसून मोहरीएवढ्या गोळ्या वळायचात आणि श्रीराम श्रीराम म्हणत एकेक आत टाकायचात. घाटावरच्या दांडग्या माशांना चालतं ते या बोटभर जिवाला कसं चालावं? त्याचं पोट टम्म झालं आणि एका संध्याकाळी तो कलंडला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. "पुण्य करायला गेलो आणि जान घेतली त्याची," एवढंच म्हणालात. मला तेव्हा हसू आलं होतं. एका माशासाठी एवढं काय, असं वाटलं होतं.

मग सुभेदार आला. त्याचे ते घोळदार पर बघून तुम्ही म्हणालात, "हा तर शिंद्यांच्या दरबारातला माणूस आहे, अंगरखा बघ याचा!" आणि या वेळी तुम्ही सगळं शिकून घेतलंत. इंदूरला जाऊन माशांच्या दुकानातल्या माणसांना विचारून आलात. पुडीतले माशांचे दाणे आधी चमचाभर पाण्यात भिजवायचे, कारण कोरडे दाणे पोटात जाऊन फुगतात. सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन, बस. खाली पडलेला दाणा लगेच ड्रॉपरने काढायचा. थंडीत बरणीशेजारी बल्ब लावायचा, गार पाण्यात त्याला अन्न पचत नाही. आणि सोमवारी काहीही द्यायचं नाही. आठवड्यातून एक दिवस पोटाला सुट्टी हवीच, आणि आईंचा सोमवार असतोच, म्हणजे विसरायला नको.

आईंना मात्र हे मुळीच पटायचं नाही.

"अहो, दोन दाण्यांनी काय होतं? बघा ना, कसा बघून राहिला आहे तुमच्याकडे बिचारा!"

"तो मागतो आहे. मागणं अलग, भूक लागणं अलग. हा तर दिवसभर मागेल," तुम्ही म्हणायचात. "याचं पोट याच्या डोळ्याएवढं आहे. तुझ्या मायेएवढं नाही."

आई फणकाऱ्याने आत जायच्या आणि तुम्ही मिशीत हसायचात.

आता जे लिहायचं आहे ते लिहवत नाही. पण त्यासाठीच तर बसले आहे.

तुम्ही जन्मात कधी उपास केला नव्हतात. महाकालाच्या गावात राहून सोमवारी सकाळी देवास गेटला पोहे-जलेबी खाऊन यायचात आणि वर आईंना चिडवायचात. आणि गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी तुम्ही ताटावर बसलाच नाहीत. "सुभेदार एकटा उपाशी राहतो, बरं नाही लागत. आजपासून मी पण त्याच्याबरोबर." आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "महाकालने ऐकलं ग माझं," त्या मला स्वयंपाकघरात येऊन सांगून गेल्या. मी कौतुकाने साबुदाण्याची खिचडी केली. तुम्ही दोन चमचे खाऊन वाटी बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, उपास म्हणजे उपास, त्यात काय खायचं?

मग एकादशी धरलीत, मग प्रदोष, मग चतुर्थी. शेजारच्या काकू म्हणाल्या, रिटायर झाल्यावर माणूस देवाकडे लागतो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

अण्णा, तुम्हाला भूकच लागत नव्हती ना?

आपल्या घरात कुणी एरवी अर्धी पोळी टाकली तरी आई त्याची नाडी बघायला बसतात. काय दुखतं, काय झालं, जिरं-ओवा देऊ का, हजार प्रश्न. पण 'आज उपास आहे' म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद! त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही, उलट त्या माणसाचा मान वाढतो. हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं. पार्सल ऑफिसात चाळीस वर्षं काढलेला माणूस, वर कुठली चिठ्ठी लावली की आत काय खपतं ते तुम्हाला कुणी शिकवायला हवं? का हो असं केलंत? सुधीरच्या नोकरीचं धड नव्हतं म्हणून? माझी बी.एड.ची परीक्षा होती म्हणून? का नुसतीच भीती वाटली? भीती वाटली असेल तर तसं म्हणायचं होतं. आम्ही काय खाऊन टाकलं असतं तुम्हाला?

आणि आम्ही तरी कसे! दिवाळीआधी तुमच्या शर्टाची बटणं लागेनात. तुम्ही पोटावर हात फिरवून म्हणालात, "पेन्शनचं पोट आहे हे." आम्ही हसलो. सुधीरने तर दोन ढगळ कुर्ते शिवून आणले. हात काड्यांसारखे झाले होते आणि पोट तेवढं वाढत होतं, हे रोज डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. तुम्ही रोज सकाळी सुभेदाराची बरणी खिडकीच्या उजेडात धरून त्याचं पोट बघायचात, एकदा बाजूने, एकदा वरून. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी असायचे. त्याच उजेडात तुम्हीही उभे होतात. मी माशाकडे बघत होते, अण्णा. याची खंत मला आयुष्यभर पुरेल.

इंदूरच्या डॉक्टरांनी विचारलं, जेवण कधीपासून कमी झालं? आई चटकन म्हणाल्या, "नाही नाही, जेवण बिल्कुल ठीक आहे, उपास असतात ना त्यांचे." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या तिघांकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "मंजिरी, आज सोमवार आहे. घरी सुधीरला फोन करून सांग, सुभेदाराला कुणी काही देऊ नका." पोटात पाणी साठलंय म्हणजे काय ते डॉक्टर नंतर समजावून सांगत होते. तुम्हाला ते बहुतेक आधीच कळलं होतं.

त्यानंतर फार दिवस उरले नव्हते.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर होते, बघत होते, पण खाली एक येईना. सुधीरने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. काही नाही. मग आई पुढे झाल्या. घाटावर येऊ नका म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी त्या हट्टाने आल्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, उपाशी गेलात तुम्ही. आता माझ्या घरात कुणीच उपाशी राहणार नाही. तुमच्या सुभेदाराला पण नाही ठेवणार. शब्द देते!"

आणि कावळा उतरला. मी विज्ञान शिकवते, माझा यावर विश्वास नाही. पण माझ्या अंगावर काटा आला, हे तुमच्यापासून काय लपवायचं?

तेव्हापासून सुभेदाराची चंगळ सुरू झाली. उठल्यावर आई देणार, ऑफिसला निघताना सुधीर देणार, भेटायला आलेली माणसंसुद्धा तुमची आठवण म्हणून चिमूटभर टाकून जाणार. सोमवार बंद झाला. बल्ब लावायचंही कुणाला सुचलं नाही. परवा बघते तर पोट गोटीएवढं, आणि तो तिरका होऊन वरवर तरंगतोय. बरणी उजेडात धरली आणि तुम्ही बघायचात तसं वरून बघितलं. खवले उभे राहिले की मग काही करता येत नाही, असं तुम्ही म्हणायचात. खवले अजून बसलेले होते. मी बल्ब लावला आणि दाण्यांची पुडी कपाटात कुलूप लावून ठेवली.

आई कडाडल्या. "शब्द दिला आहे मी त्यांना! तू कोण मोडणारी?"

"आई, अण्णा असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

"त्यांची अकल नको सांगूस मला! उपाशी राहून राहूनच तर गेले ते."

हे वाक्य इतके दिवस घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण कुलपाची किल्लीही त्यांनी मागितली नाही.

काल संध्याकाळी मी ताटं वाढत होते. आई दारात येऊन म्हणाल्या, "माझं नको वाढूस. सुभेदार एकटा उपाशी आहे, बरं नाही लागत. मी पण त्याच्याबरोबर उपास करून घेते."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला, अण्णा. तुमचेच शब्द! काल बुधवार होता, ना एकादशी ना काही. आणि मी बघितलं तर त्यांच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. त्या कधी सैल झाल्या? सगळ्या घराला आणि माशाला भरवणारी ही बाई स्वतः किती जेवते आहे, ते मी कुठे बघत होते?

डाव ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, उपास आहे, की भूक लागत नाहीये?"

त्या पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "भूकच नाही लागत ग. ते गेल्यापासून घास आतच नाही जात." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. आम्ही दोघी एका ताटात जेवलो. जास्त नाही, भात आणि वरण. पण तेवढं त्यांनी खाल्लं. शनिवारी त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे, त्यांनी नको-नको केलं तरी.

आज सकाळी मी उठले तेव्हा आई बरणी खिडकीत धरून उभ्या होत्या. "बघ ना, पोट उतरलं ना थोडं?" खरंच उतरलंय. अजून पुरतं नाही, पण सरळ पोहतोय आणि मला बघून पर फुलवले. आईंनी मटाराचा, म्हणजे त्यांच्या बटल्याचा, एक दाणा उकडून, साल काढून ठेवला आहे. "कणभरच देऊ. उपास सोडायला बटला चालतो त्याला, ते द्यायचे ना?" म्हणजे शब्द मोडल्याची चूक त्यांनी पदरात घेतली असं समजते. तुम्हीही घ्या.

त्या दाण्याची साल काढता काढता त्यांनी मला विचारलं, "तू काल मला विचारलंस, तसं त्यांना विचारलं असतं, तर सांगितलं असतं का ग त्यांनी?" मी म्हटलं, माहीत नाही. अण्णा, सांगितलं असतंत? का तेव्हाही मिशीत हसून बरणी उचलली असतीत?

एक शब्द मोडला, त्याच्या बदल्यात दुसरा देते. सुभेदाराचा सोमवार पुन्हा सुरू होईल, दाणे भिजवून आणि मोजकेच मिळतील, बल्ब थंडी संपेपर्यंत लागलेला राहील. पण माणसांपैकी कुणी मला म्हणालं की आज उपास आहे, तर साबुदाणा भिजत घालायच्या आधी मी त्याच्याजवळ बसेन, त्याच्या तोंडाकडे नीट बघेन आणि विचारेन, "भूक लागते ना तुम्हाला?"

एवढं एकच तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

तुमची,
मंजिरी