दवाखान्याच्या कोपऱ्यावरचा पाइप

३ नोव्हेंबर
शहरभर इंटरनेटची केबल फिरवायची, तीही स्वस्तात. इंजिनीअर मुलीने अकरा किलोमीटर चर काढलाय कागदावर. खणणार माझी टोळी. मी म्हटलं, "बँकेच्या रस्त्याला कशाला खणता? खाली मोकळा पाइप आहे. मीच पुरलाय, वीस वर्षं झाली."
"मावशी, कुठल्याच नकाशात नाहीये तो."
नकाशाने कधी कुदळ मारली होती!

४ नोव्हेंबर
कॉम्प्रेसर लावून पाइपाच्या एका तोंडातून हवा सोडली. दुसऱ्या तोंडाशी मी हात धरून बसले. आधी माती उडाली, मग भस्सकन वारा. नऊशे मीटर खणणं वाचलं — एका फुंकरीत. मुलगी रस्त्यातच नाचायची बाकी होती. मला तर जेवण सुचेना.

७ नोव्हेंबर
आणखी चार पाइप सापडले. शिवाय मुलीची एक चूक पकडली. केबल दोन वाटांनी न्यायची, एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. आणि दोन्ही वाटा एकाच पुलावरून. म्हटलं, "पूल दुरुस्तीला काढला की दोन्ही गेल्या." तिने कपाळावर हात मारला. एक वाट आता माझ्या जुन्या पाइपातून. खणायचं उरलं पाचच किलोमीटर. मी हवेत!

८ नोव्हेंबर
नणंद माझ्याच टोळीत खणते. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, धोंडा मारून घ्यायचा तर स्वतःच्या पायावर घे, आमच्या कशाला? बारा बायकांचं दोन महिन्यांचं काम घालवलंस."
मी चहा अर्धाच टाकून उठले. 

९ नोव्हेंबर
 नणंदेने डबाही वेगळं बसून खाल्ला.

११ नोव्हेंबर
दवाखान्याच्या कोपऱ्यावर छातीठोक सांगितलं, बाकीचे पाच जोडणारा पाइप इथेच. तीन खड्डे मारले — नुसती माती. मुलीचे मोठे साहेब म्हणाले, "आठवणीवर नेटवर्क बांधत नाहीत. उद्यापर्यंत दाखवा, नाहीतर पहिलाच नकाशा."
म्हणजे पुन्हा अकरा किलोमीटर. टोळीला काम. मी तोंड मिटून बसले तर सगळ्यांचं भलंच आहे.
पण पाइप आहे. मी खोटारडी नाही.

१२ नोव्हेंबर
चौथा खड्डा एकटीच मारत होते. नणंद आली, हातातली कुदळ हिसकावली. म्हणाली, "अगं, गटार आडवं आलं म्हणून पाइप रस्त्याच्या पलीकडून वळवला होता आपण. तू तेव्हा तापाने घरी पडली होतीस, तुला काय आठवणार?"
आणि रस्ता ओलांडून तिनेच पहिला घाव घातला.