बेडकासाठी बांधलेले टाके

देवपूर, मंगळवार, सायंकाळ

साक्रीपलीकडच्या डोंगरावरून परतल्यापासून मनातली किळस जात नाही. तिथला नखाएवढा बेडूक पाण्यात अंडी घालतच नाही. ओल्या पालापाचोळ्याखाली, मातीत घालतो. अंड्यातून थेट बेडूकच बाहेर येतो. त्या एका उताराखेरीज आम्हा हौशी निरीक्षकांना तो कुठेही आढळलेला नाही. त्याच उतारावर, त्याच्याच संवर्धनासाठी, सिमेंटचे टाके बांधले आहे आणि सारा पाला खरडून उकिरड्यावर टाकला आहे.

वनसमितीचे अध्यक्ष जिभाऊ खरडलेला उतार दाखवत कौतुकाने म्हणाले, "नाना, बठ्ठा कचरा काढी टाका. आते बेडूकले पानी शे."

"जिभाऊ, त्याला तो कचराच लागतो. पाणी नव्हे."

ते हसले. "बिना पानीना बेडूक? ठरावले तर तुमनीच सही शे, नाना."

आहे. टाके बांधण्याच्या ठरावाचे शीर्षक 'बेडूक संवर्धन' असे होते. तेवढे वाचून मी समितीचा सदस्य म्हणून सही केली. जन्मभर तर्कशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांना बजावले की आधी गृहीतक तपासा. जिभाऊंचे गृहीतक चुकीचे होते, पण त्यांनी ते प्रामाणिकपणे मानले होते. मला सत्य ठाऊक होते. मग अधिक दोषी कोण?

उतरताना उकिरड्यापाशी थांबलो. एका पानाखाली साबुदाण्यासारखी अंडी होती, काही सुकलेली, काही अजून ओली. तो ओंजळभर पाला परत नेऊन टाक्यामागे, सावलीत ठेवला.

जिभाऊंनी माझ्यादेखत तो पायाने खाली लोटला. म्हणाले, टाके पाहायला पाहुणे येणार आहेत, जागा स्वच्छ दिसली पाहिजे.