भूशास्त्र विभागाचं एक वाक्य

बेकर्स फोर्ड, ओहायो
११ मार्च १९७४

चि. ऑरिन यास लिओटाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघा कसा आहे? तुझ्या रूथने पाठवलेला सफरचंदाचा मुरांबा पोचला. निम्मा मी उभ्या उभ्याच चमच्याने संपवला, तिला सांगू नकोस.

कॉलेजात धामधूम आहे. कोणते विभाग ठेवायचे नि कोणते बंद करायचे ते ठरवायला बाहेरची समिती आलीय. माहितीपुस्तकात प्रत्येक विभागाने आपलं जे उद्दिष्ट छापलंय, ते खरंच साधतं का, हे ती तपासते. तत्त्वज्ञानवाल्यांनी उद्दिष्ट म्हणजे काय यावरच तीन पानं लिहिलीत, ते सुटले. आमचं भूशास्त्र मात्र एका वाक्यात अडकलं: आमचा विद्यार्थी वाटेवरचा कुठलाही दगड उचलून तो कुठून आला हे सांगू शकेल.

तुला म्हणून सांगते, ते वाक्य माझं. चार वर्षांपूर्वी आमचे विभागप्रमुख हेवरकँप सर मुलांना घेऊन डोंगरात गेले होते, छापखान्याची घाई, आणि इतकी वर्षं सरांचं टंकलेखन करताना जे कानावर पडलं ते मी दिलं ठोकून. सरांना वाटतं, कधीतरी त्यांनीच लिहिलं. आता बोलणीही तेच खातायत, आणि मी गप्प.

समितीच्या अध्यक्षांनी रुळांजवळच्या वाटेवरून एक दगड आणून चार मुलांपुढे ठेवला. सरांना बाहेर बसवलं होतं. तिघांनी तीन डोंगरांची नावं घेतली. चौथी ट्वायला बेनेडेक. ती म्हणाली की हा दगडच नाही, ही माणसांनी केलेली वस्तू आहे. कशावरून, असं विचारलं तर मान खाली. सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि इतिवृत्तात लिहिलं की चारही उत्तरं चूक. दुसऱ्या दिवशी ती विभाग सोडायचा अर्ज घेऊन आली. कारण लिहिलंय, या विषयाची माझी लायकी नाही. शिक्का मारायचा राहिलाय.

सरांना आणखी त्रास नको म्हणून दगड मी पर्समध्ये टाकला होता. निळसर, छान आहे. तुला पाठवतेय, खिडकीत ठेव. २ एप्रिलच्या सभेत आमच्या विभागावर मतदान. आमच्यासाठी प्रार्थना कर.

तुझी,
लिओटाताई


यंगस्टाउन
१९ मार्च १९७४

ती. लिओटाताईस ऑरिनचा नमस्कार.

गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. डबा उघडला नि मी इतका हसलो की रूथ धावत आली. ताई, पदरचा टपालखर्च भरून तू मला माझाच कचरा पाठवलास! भट्टीत लोखंड वितळलं की वर मळ तरंगतो. तो आम्ही काढून टाकतो. थंड झाला की हा असा होतो, काचेसारखा, बुडबुडे असलेला. त्याचीच खडी रेल्वेवाले रुळांखाली घालतात. बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? बाबा भट्टीवरून आले की त्यांच्या कोटाच्या खिशातून हेच निघायचं, आणि खिडकीत मांडून ठेवायचीस तू. मोठ्या कॉलेजात गेल्यावर विसरलीस होय?

पोरगी एकटी बरोबर होती. आमच्या दोन नंबरच्या भट्टीवर एक बेनेडेक आहे, त्याचीच असणार. तो शिक्का जरा लांब ठेव. बाकी तुला काय सांगायचं, तू मोठी.

लोभ आहेच, तो असू दे.

तुझा,
ऑरिन


बेकर्स फोर्ड
३ एप्रिल १९७४

चि. ऑरिन यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस आरशात बघवेना. विसरले नव्हते रे. विसरायचं ठरवलं होतं. तीस वर्षं इथे सगळ्यांना सांगत आले की माझा भाऊ धातूंच्या व्यवसायात आहे. सरांनी एकदा विचारलं, कारखानदार का? मी नुसती हसले. बाबांचा दगड समोर टेबलावर होता, आणि मी त्या लोकांबरोबर हसत होते.

आधी ट्वायलाला गाठलं. तिची माफी मागितली. ती म्हणाली, तिने दगड बघताक्षणी ओळखला होता. पण कसा ओळखला ते सांगायचं तर वडील भट्टीवर मळ उपसतात हे सांगावं लागलं असतं, आणि तिची जीभच उचलेना. एकोणीस वर्षांची पोर ती, आणि मी एकसष्टची. दोघी एकाच गोष्टीने मुक्या.

काल सभेत मी उभी राहिले. इतिवृत्त चुकलंय, ट्वायलाचं उत्तर बरोबर होतं म्हटलं, आणि ते वाक्य सरांचं नाही, माझं आहे. सर म्हणाले की इतकं साधं वाक्य आपल्याला सुचलं कसं, याचं त्यांना कायम नवलच वाटायचं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं की हा दगड नव्हे हे तुम्हाला कोणी सांगितलं. मी म्हटलं, माझा भाऊ, ऑरिन टेटर, बत्तीस वर्षं भट्टीवर मजूर आहे. तसंच लिहून घेतलं. माझ्याच हाताने.

विभाग दोन वर्षांसाठी राहिला, एका मताने. वाक्यही राहिलं. ट्वायलाने अर्ज परत नेला, फाडला की ठेवला ते ठाऊक नाही. तो दगड मात्र तिला वर्गातल्या कपाटात हवाय, खाली कुठून आला ते लिहून.

पोस्टाने पाठवू नकोस. तूच घेऊन ये. स्टेशनावर मी असेन, सरांना घेऊन. आणि हे बघ, रविवारचा चर्चचा कोट नको. कामावरचा घालून ये.

तुझी,
ताई