शिट्टी झाल्यावरचा मार

प्रिय भाऊ,

तू गेल्यापासून तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. तू असताना तरी मी कुठे लिहीत होते? सासरी कोरीटहून फोन करायचे, दोन शिव्या घालायचे, जेवलास का विचारायचे आणि ठेवून द्यायचे. पण आता घरात बोलायची सोय राहिली नाही. माझी रोशनी चार दिवस माझ्याशी अबोला धरून बसली आहे. मला तिला काहीतरी सांगायचंय, आणि ते तिच्याआधी तुझ्या कानावर घालायला हवं, कारण त्यात तू मला घातलेली शपथ आहे.

रविवारी आपल्या गावच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीची फायनल होती. समोरची मुलगी चढाईला आली, बाद झाली, पंचांनी शिट्टी वाजवली. मुलगी परत जायला वळली. आणि तुझ्या भाचीने शिट्टी झाल्यावर, सगळं थांबल्यावर, तिच्या कानशिलात कोपर घातलं. मुलगी मॅटवर आडवी झाली. रोशनी कमरेवर हात ठेवून, मान जरा तिरकी करून उभी राहिली. ते तसं उभं राहणं तिला कोणी शिकवलं, भाऊ?

पिवळं कार्ड मिळालं. दोन मिनिटं बाहेर. बाहेर जाताना ती हसत होती. माइकवाला ओरडत होता, "हातोडानी भाची! हातोडानी भाची!" लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "मामावर गई वं पोर." पेढे वाटावेत अशा थाटात म्हणाली.

तुला हातोडा म्हणायला लागले तेव्हा तू चोविशीत होतास. त्याआधी तू नुसता पकडीतला चांगला डावा कोपरा होतास. चढाईवाल्याचा घोटा असा धरायचास की तो जागेवर बसायचा. पण चांगले कोपरे गावोगाव मिळतात. संघ चालवणाऱ्या आपल्या मिरचीवाल्या शेठनी तुझ्यातलं वेगळंच काही हेरलं. आपल्या चढाईवाल्याला कोणी लाथ घातली की तू शिट्टीबिट्टी बघायचा नाहीस. पुढच्या चढाईत त्या माणसाला उचलून थेट प्रेक्षकांत टाकायचास. मग कार्ड घ्यायचं, बाहेर बसायचं, आणि लोकांनी वेडं व्हायचं. दोन वर्षांत तेच तुझं काम झालं. शेठ तुला हंगामभर पगारावर ठेवायचे ते पकडीसाठी नाही, मारण्यासाठी. मिरची वाळवायच्या पथारीवर तू पोती उचलायचास ते सोडून दिलंस. घर चालायला लागलं होतं, हे मी कबूल करते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच कमाईतून झालं.

म्हणून तर मी तुझ्याशी भांडायचे तेव्हा आईसुद्धा मलाच गप्प करायची.

आठवतं का, एका दिवाळीत तू मला मोबाइलवर ती बर्फावरची हॉकी दाखवली होतीस? दोन धिप्पाड माणसं, हातमोजे काढून फेकले आणि लागले एकमेकांची थोबाडं फोडायला. पंच बाजूला उभे. मन भरलं की सोडवायचं, पाच मिनिटं बाहेर बसवायचं, परत खेळायला घ्यायचं. तू काय खूश झाला होतास! "देख सुनी, पंच बी उभा ऱ्हाईसन देखी ऱ्हायना. तठे हाई चालस. आठेच लोके माले गुंडा म्हंतस." मी म्हटलं, नंतर त्यांच्या डोक्याचं काय होतं ते दाखव की. तू म्हणालास, "तुले खेय समजत नही."

मला खेळ समजत नाही हे तुझं ठरलेलं उत्तर. मी शाळेत असताना कबड्डीच खेळायचे आणि तूच मला मैदानावर सोडायला यायचास, हे तू सोयीस्कर विसरायचास.

तुझं एक म्हणणं मात्र मला कधी खोडता आलं नाही. तू म्हणायचास, "मी नही मारं ते आपला पोरेस्ले मारतीन." रनाळ्याचा तो बारका पिंट्या आपल्याकडून चढाई करायचा, त्याला तू असताना कोणी हात लावला नाही, हे खरं आहे. तो अजून तुझं नाव काढून रडतो. पण मी यावर खूप विचार केला, भाऊ. तू मारायचास म्हणून समोरचे मारायचे थांबले का? नाही. त्यांनीही एकेक हातोडा पाळला. मग दोन हातोडे एकमेकांना शोधत फिरायला लागले. पिंट्याचा गुडघा शेवटी गेलाच ना? त्या मॅचला दोन्हीकडे एकेक मारणारा होता आणि दोघंही बाहेर बसले होते, कार्ड घेऊन.

आणि तुझं डोकं. एका फायनलला समोरच्या हातोड्याने तुझ्या डोक्यात डोकं घातलं. तू उठलास, खेळलास, कप घेतलास. जीपमध्ये तू सगळ्यांना विचारत होतास, "जिकनूत का आपन?" कोणी हो म्हणायचं, कप तुझ्या मांडीवर ठेवायचं. जरा वेळाने तू पुन्हा, "जिकनूत का?" पोरं हसून हसून लोळली. घरी येऊन त्यांनी मलाही ती गंमत म्हणून सांगितली. त्यानंतर तू आणखी दोन हंगाम खेळलास. कोणीच तुला थांबवलं नाही, आणि थांबवणाऱ्या बहिणीला खेळ समजत नव्हता.

पुढचं तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. तुला उजेड सोसेना. तू खिडक्यांना पोती लावलीस. चहात साखर टाकून पुन्हा साखर टाकायचास आणि वहिनी बोलली की पेला भिंतीवर फेकायचास. वहिनीवर हात टाकलास. दोनदा तरी मी स्वतः पाहिलं. मग एकदम लहान पोरासारखा रडायचास, की मन्हं डोकं कोन्हीतरी काढी ल्या. एका पहाटे न्हाणीत फिट आली आणि तिथेच संपलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात जुन्या जखमा आहेत, फार मार बसलेला दिसतो. आपण गावाला अटॅक म्हणून सांगितलं. शेठ मयतीला आले, हमसून हमसून रडले. खरंच रडले, त्यांना खोटं म्हणत नाही. तुझ्या औषधांनाही त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

रोशनीला यातलं काही ठाऊक नाही. तुझं डोकं जरा ताळ्यावर होतं त्या एका संध्याकाळी तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून घेतलास. "रोशनीले समजू देऊ नको. तिन्हा मामा जसा व्हता तसाच ऱ्हाऊ दे." मी शपथ घेतली. अशा माणसाला नाही कोण म्हणेल? मग ती यायची तेव्हा आम्ही तिला बाहेरच्या बाहेर परतवायचो. तिच्या डोळ्यांपुढे तू अजून तोच आहेस, कार्ड घेऊन हसत बाहेर जाणारा.

सोमवारी मी त्या मुलीला बघायला सरकारी दवाखान्यात गेले. तिचं नाव अनिता. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात त्यांचं गाव. आईबाप पावसाळा सरला की गुजरातेत कामाला जातात, ही पोरगी आश्रमशाळेत राहून खेळायला शिकली. आई खाटेखाली जमिनीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं. वाटलं, आता ही मला धुऊन काढणार, आणि काढावंच. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने येत होतं तेवढ्या आपल्या बोलीत विचारलं, "तुन्ही पोरले नही ना लागनं?"

तेवढ्यात अनिताने डोळे उघडले आणि आईला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. आईने उत्तर दिलं. मी केळी ठेवली, पिशवीची घडी घातली. अनिताने पुन्हा तेच विचारलं, त्याच सुरात. आईने मला सांगितलं, कालपासून हेच विचारते, मॅच कोण जिंकलं.

भाऊ, मी तिथून उठून बाहेरच्या नळाशी जाऊन उभी राहिले. तोंड धुतलं, परत धुतलं. पाय आत वळेनात.

मंगळवारी शेठ घरी आले. रविवारचा व्हिडिओ कुठून कुठे गेला होता. बाहेरच्या एका मोठ्या संघाने रोशनीला हंगामभरासाठी मागितलं आहे, पगारावर. शेठ खुर्चीच्या टोकावर बसून सांगत होते, "बेन, पोर नही, वाघीन शे. तिन्हा मामानं रगत शे." आणखी एक निघालं. या वर्षीपासून स्पर्धेत सगळ्यात आक्रमक खेळाडूला तुझ्या नावाची ढाल द्यायची आहे. तुझा फोटो हवा होता, तोच, प्रेक्षकांत माणूस फेकतानाचा.

मी म्हटलं, फोटो मिळणार नाही. आणि रोशनी आधी अनिताची माफी मागायला येईल, मग बाकीचं. रोशनी माझ्या अंगावर धावून आली. "तिनी पहिले आपली पोरना केस वढात! मन्हं कामच शे ते. मामा ऱ्हाता ते माले शाबासकी देता." शेठसमोर मी तिला काय सांगणार होते? ती आत गेली, दार लावून घेतलं, तेव्हापासून बोलत नाही. तिच्या फोनवर तुझा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, हातोड्याची भाची.

राग तिचा नाही येत मला. आपण सगळ्यांनी मिळून तिला अर्धा मामा दिला. मारणारा तेवढा दाखवला आणि डोक्यात मार साठलेला घरात कोंडून ठेवला. मग ती दुसरं काय शिकणार? वहिनीला मी काल विचारलं. वहिनी भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "सांगी दे. मी ते कव्हयपासून वाट देखी ऱ्हायनू."

कबड्डी तिने सोडावी असं मी म्हणणार नाही. घोटा धरावा, अंगाला माती लागावी, गुडघे फुटावेत, मला त्याचं काही नाही. पण शिट्टी झाल्यावर मारणं आणि त्यालाच खेळ म्हणणं, त्याचा पगार देणं, त्याची ढाल करणं, हे माझ्या पोरीच्या नशिबी मी येऊ देणार नाही. बर्फावर चालत असो नाहीतर मॅटवर. रोशनीच्या बाबांनी परवा मोबाइलवर वाचून दाखवलं, तिथल्या त्या मारणाऱ्यांपैकी काहींची डोकीही पुढे तुझ्यासारखीच झाली. तिथल्या बहिणींनाही खेळ समजत नसणार.

तेव्हा उद्या सकाळी मी तुझी शपथ मोडते आहे. तुला राग येईल, येऊ दे.

जिल्ह्याचं पदक मिळालं त्या दुपारी ती पळत पळत तुला दाखवायला आली होती. वहिनीने अंगणातूनच सांगितलं, "मामा आत्तेच झोपना." बिचारी पायऱ्यांवर बसून राहिली, मग गेली. तिला आजही वाटतं तू झोपला होतास. तू दाराआड उभा होतास, भाऊ. माझा दंड घट्ट धरून, फटीतून तिच्याकडे बघत होतास. घामाने भिजला होतास. मला विचारलंस, "कोन शे वं ती पोर? तिले घरमा येऊ देऊ नको. ती माले मारी."

हे मी तिला सांगेन. यातला एक शब्दही गाळणार नाही, हे माझं वचन.

तुझी,
सुनी