मनाला बघणाऱ्याचं गाव

२० जुलै १९८६, रविवार. पोफळी

वीजघरातली सकाळपाळी करून आलो. सुमननं दारातच इनलँड हातात दिलं. तिच्या भावाचं, शांतारामचं, मुंबईहून. सगळं क्षेमकुशल, आणि खाली लाल शाईनं एक ओळ : 'भावोजी, उत्तर तयार आहे ना? नसेल तर तुरा इस्त्री करून ठेवा.'

मेला! तुऱ्याला कोण इस्त्री करतं? पण वही उघडलीच.

पुन्हा एकदा मांडून बघतो, म्हणजे डोकं साफ होईल. गेल्या गणपतीत कॉलनीत जाखडीच्या नाचगाण्याचा सामना. शां. कलगीवाला, मी तुरेवाला. ते म्हणणार शक्ती थोर, तिच्यातूनच सगळं झालं. आम्ही म्हणणार शिव थोर, तो नुसता बघतो, पण बघणाराच नसेल तर शक्तीचा खेळ कुणापुढं? आज्या-पणज्यापासून हेच भांडण, घुंगरू बांधून. शेवटी शां.नं सवाल टाकला :

डोळा बघतो झाडाला, मन बघतं डोळ्याला,
मनाला जो बघतो गड्या, त्याचं गाव सांग मला.

वर अट. 'आत्मा' म्हणून सुटायचं नाही, पत्ता पाहिजे, पुरावा पाहिजे. मी नुसती ढोलकी बडवून वेळ काढला. आमच्याकडची रीत अशी, की न सुटलेला सवाल वर्षभर अंगावर. पुढच्या गणपतीतही नाही सुटला तर पगडीवरचा तुरा उतरवून समोरच्याच्या डफावर ठेवायचा. आणि हा तुरा माझा असता तर एक वेळ. माझे गुरू तात्या, त्यांना त्यांच्या गुरूंनी दिला, तात्यांनी मला. मेव्हण्याच्या डफावर तो ठेवायचा म्हणजे मरण.

२४ जुलै

वरच्या वाडीत तात्यांकडं जाऊन आलो. गुडघा सुजलाय, पण आवाज तसाच खणखणीत. सवाल सांगितला. डोळे मिटून दोनदा गुणगुणले.

म्हणाले, "सवाल झ्याक हाय. पोरगा हुशार."

"तात्या, उत्तर?"

"मी दिलं तर त्ये माजं झालं. तुजं तू बघ. तुरा तुज्या डोक्यावर हाय ना?"

निघताना एक तवसं दिलं, हे एवढं मोठं. म्हणजे गुरूकडून ज्ञानाऐवजी काकडी. सुमन हसून हसून बेजार.

२ ऑगस्ट

दुपारपाळी. जोडीला जाधव. हा विहारात जातो, पावसाळ्यातल्या वर्षावासात तिथं रोज ग्रंथ वाचतो, याला विचारावं म्हटलं.

"तू बघणारा शोधतोयस," म्हणाला. "बघणं आहे. बघणारा नाही. राग आला, गेला. आठवण आली, गेली. मागं मालक बसलाय असं आपल्याला उगाच वाटतं."

"मालक नाही तर पगार कोण घेतो?"

"पगार बायको घेते."

दोघंही असे हसलो की खालून फिटरनं वर बघितलं.

मग म्हणाला, थट्टा सोड, रोज दहा मिनिटं बस आणि नुसता श्वास बघ.

३ ऑगस्ट

बसलो. पाचापर्यंत श्वास मोजले. सहाव्याला नाकात बांगड्याचं तिखलं. श्रावण लागायच्या आत एकदा व्हायलाच पाहिजे, आणि सुमन चुलीवर नेमकं तेच करत होती. उठलो, जेवलो. उद्या परत.

(दुसऱ्या दिवशी परत बसलो. अकरापर्यंत गेलो. गंमत वाटली. मन पळालं हे कळलं की ते परत येतं. नको, आत्ता यात शिरायला नको, पद रचायचंय.)

१२ ऑगस्ट

बोट भाजलं म्हणून दवाखान्यात. नवी डॉक्टरीणबाई, पुण्याकडची, हसतमुख. मलम लावेपर्यंत सवाल पुढं केला. आधी माझ्याकडं नीट बघितलं, बोटाशिवाय आणखी कुठं लागलंय का म्हणून असेल.

मग मात्र खुलली. "अहो, ऑपरेशनला इंजेक्शन देतो ना, माणसाला वीसपर्यंत मोजायला सांगतो. दहाला गप्प! कापा, शिवा, त्याला पत्ता नाही. मन काय, जाणीव काय, सगळा मेंदूचा कारभार. तो चालला की तुम्ही आहात, थांबला की नाही."

"मग त्या वेळी जागं कोण असतं?"

"मी असते ना!"

पुढंही काही सांगत होती. मेंदू चालला की आतून वाटतं कसं, ते पुस्तकात नाही म्हणे, परीक्षेलाही नव्हतं. ते मी अर्धवटच ऐकलं. तोवर डोक्यात चाल सुरू झाली होती. बोटाची पट्टी सांभाळत पळत घरी.

१३ ऑगस्ट

झालं! झालं! झालं!

वरनं पाणी कोसळलं, डोंगरात चाक फिरलं,
घराघरात दिवा लागला, दिव्यात कोण रं बसलं?
चाक थांबता दिवा गेला, शोधू नको तू गाव,
मेंदूच्या ह्या चाकावरती मनाचा पेटतो दिवा.

तिसऱ्या ओळीचा जोड जमत नाही, पण चाल अशी आहे की कुणाच्या लक्षात येणार नाही. सोळा वर्षं या डोंगराच्या पोटात नोकरी केली, उत्तर इथंच होतं! आनंदानं सुमनला भाकरीच्या पिठासकट उचललं.

तिनं परातीपाशी बसून सगळं पद ऐकलं. "चाल गोड आहे. पण मला काहीतरी खटकतंय."

"भावाची बाजू घेऊ नकोस."

"बरं. गप्प बसते."

बसली. आणि मी विचारलंही नाही, काय खटकतंय. गाढव.

(शेवटची दोन वाक्यं १४ सप्टेंबरला लिहिली.)

२४ ऑगस्ट

तालीम. पोरं काय नाचली! कॉलनीतली पाळीवरून येणारी माणसं थांबून टाळ्या देतात. एक तर म्हणाला, 'आपल्या कामावर कुणी पद केलं नव्हतं हो.' तात्या गुडघ्यामुळं आले नाहीत. म्हटलं, थेट सामन्यालाच ऐकवू, म्हातारा खूश होईल.

८ सप्टेंबर

शां. आला. परवा रात्रीची एस.टी. चुकली म्हणून चतुर्थीला पोचला नाही, त्याची भरपाई आज अकरा मोदक खाऊन. जेवताना सारखा माझ्या डोक्याकडं बघत होता.

"काय बघतोस?"

"मापं घेतोय, भावोजी. माझ्या डफावर बसेल ना?"

माझ्या ओठावर पद आलं होतं. गिळलं. शनिवारी बघतो तुला.

१४ सप्टेंबर, रविवार

काल सामना झाला. काय लिहू, कुठून लिहू.

दुपारी तीनला उभे राहिलो, रात्रपाळीवाल्यांनाही बघता यावं म्हणून वेळ मुद्दाम तशी. मंडपात पाय ठेवायला जागा नाही. तात्यांना खुर्चीवरून उचलून आणून पुढं बसवलेलं. शां.नं सवाल परत गायला. मी पगडी सावरली आणि सोडलं पद. पहिल्या कडव्यालाच शिट्ट्या. 'चाक फिरलं'ला मंडप उभा राहिला. मी भान हरपून गायलो, आयुष्यात असा गायलो नाही.

फक्त तात्यांनी कपाळाला हात लावलेला. वाटलं, गुडघा दुखत असेल.

संपलं. शां. पुढं आला, डफ खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला.

"भावोजी, उपकार झाले. पाण्याच्या जोरावर चाक, चाकावर दिवा, मेंदूवर मन, आणि बघणारा कुणी नाहीच. म्हणजे सगळी शक्तीची करणी. हेच तर आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगतोय! तुरेवाल्यांनी कलगीचं पद इतकं सुंदर गायलेलं मी पहिल्यांदा ऐकलं."

 मग जो हशा झाला! माझ्या पोरांचे पाय जागीच थांबले. बायकांच्या रांगेत सुमन पदर तोंडात कोंबून बसलेली. तिला हेच खटकलं होतं. शिवाची बाजू घेऊन महिनाभर तालीम करून मी शिवालाच घराबाहेर काढलं होतं. आमच्या अख्ख्या पंथात असा शाहीर झाला नसेल.

लाज वाटली. तात्यांकडं बघवेना. रीत ती रीत, म्हणून तुरा काढायला हात वर नेला.

तेवढ्यात तात्या खुर्चीवरून ओरडले, "वसंता, थांब! तुजं मन पदात गुतलं व्हतं ना?"

"होय तात्या."

"आनि आता मन लाजंनं मेलंय."

"होय."

"मग त्ये पदात गुतलं व्हतं नि आता लाजलंय, ह्ये दोनी बघितलं कुनी?"

 पाचाचे अकरा झाले होते ते श्वास आठवले. मन पळालं हे कळायचं, ते कुणाला कळायचं? आणि मला हसू फुटलं. भर मंडपात, हात पगडीवर तसाच, खो खो हसत सुटलो. ढोलकीवाल्याला खूण केली आणि तिथल्या तिथं गायलो :

गाता गाता मन चुकलं, लाजून झालं चूर,
चुकणाऱ्याला बघत होता त्याचंच सांग घर!

आता शां. अडकला. म्हणाला, "ते पण यंत्रच. एका काट्यावर नजर ठेवणारा दुसरा काटा."

"दुसऱ्यावर?"

"तिसरा."

"तिसऱ्यावर?"

मंडपातली पोरं मोजायला लागली, चौथा! पाचवा! सातव्याला शां.लाच हसू आवरेना. पण मेव्हणा माझा, सोडतो काय. "बरं, मग तुमच्या बघणाऱ्याला कोण बघतो, भावोजी?"

झालं. मी परत गेल्या वर्षीसारखी ढोलकी बडवायला लागलो.

मागून जाधव ओरडला, "दोघंही बसा रे! बघणं चालू आहे!"

पंचांना काही ठरवता येईना. हरलं कोण, जिंकलं कोण, तुरा कुणाचा? शेवटी सुमनच पुढं आली. म्हणाली, मी एकाची बायको आणि एकाची बहीण, तुमचं ठरेपर्यंत माझ्याकडं राहील. माझ्या पगडीवरून तुरा काढला, पदरात गुंडाळला आणि चालू लागली. तिला नाही म्हणायची छाती दोघांनाही झाली नाही.

तात्यांना घरी सोडायला गेलो. रस्ताभर माफी मागत होतो. म्हणाले, "पद बाकी झ्याक व्हतं. कुनाचं का असंना." मग खूप वेळ माझा हात धरून बसले. मला रडू आलं.

१५ सप्टेंबर

शां. मुंबईला गेला. एस.टी.च्या खिडकीतून म्हणाला, "भावोजी, ती चाल लिहून पाठवा." तुरा देव्हाऱ्यात, गौरीच्या मुखवट्याच्या डब्याशेजारी. जाता-येता नजर जाते. डोकं हलकं हलकं वाटतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटतं.

१९ सप्टेंबर

बोट दाखवायच्या निमित्तानं दवाखान्यात. डॉक्टरीणबाईला म्हटलं, त्या दिवशी तुम्ही शेवटी जे सांगत होतात, ते परत सांगा. आज पूर्ण ऐकलं. तिलाही उत्तर माहीत नाही, आणि त्याचं तिला जराही वाईट वाटत नाही. म्हणाली, "पुढच्या वर्षी सामन्याला मी पुढं बसणार."

रोज सकाळी बसतो. काल सतरा. सुमनही शेजारी बसते. ती मोजत नाही म्हणाली.

२९ सप्टेंबर

शां.चं कार्ड. सगळं लाल शाईत.

'भावोजी, परवा मशीनवर उभा होतो. हात काम करत होते, मन गावाला घरी होतं. मध्येच लक्षात आलं की मी तुमचं पद गुणगुणतोय. कधीपासून, माहीत नाही. हात मशीनवर, मन गावाला, मग गात कोण होतं? आणि ते ऐकलं कुणी? दोन रात्री हाच विचार. तुम्ही उत्तर द्या, नाही तर येत्या गणपतीत कलगी मीच उतरवतो. ताईला सांगा, देव्हाऱ्यात जागा करून ठेव.'

सुमनला वाचून दाखवलं. ती उठली आणि खरंच डबा जरा बाजूला सरकवला.

"द्या की उत्तर," म्हणाली. "पोरगं काळजीत आहे."

कार्ड घेऊन बसलोय. 'चि. शांतारामास अनेक आशीर्वाद' इथवर लिहून झालंय.