ते कलम राहू दे

सोमवार, दुपार

प्रिय वन्सं,

चिडू नकोस. कोर्टात तू वकीलसाहेब असशील, माझ्यासाठी वन्संच. इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा खोकला उतरलाय. परीक्षा तोंडावर आलीय आणि माझ्या वर्गाला अजून भागाकार जमत नाही. अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. न्हाणीघरात पाय घसरला. वर्गातही पोरांना तेच सांगितलं.

गुरुवारी संसदेत तुमच्या कराराला मंजुरी मिळेल म्हणतात. बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीविरुद्धचा हा करार इतक्या देशांनी मानला, आपल्याकडेही मानावा म्हणून तू किती उंबरे झिजवलेस, ते मी पाहिलंय. आणि तो मांडणारा मंत्री तुझाच दादा! रोज आरशासमोर भाषणाची तालीम चालते, मी बसून ऐकते. खरं सांगू? भाषण छान झालंय.

परवा तो त्या कलमापाशी अडला. बाईने तक्रार मागे घेतली तरी खटला चालूच राहील, ते. बऱ्याच सदस्यांना नेमकं तेच नकोय. ते वगळून बाकीचं मंजूर करून घ्यावं, असं त्याच्या मनात होतं. मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "ते कलम राहू दे. ते कशासाठी लागतं, हे तुला माझ्याकडून ऐकायला हवंय का?"

न्हाणीघरात कोणी घसरलं नाही, वन्सं. तू ते केव्हाच ओळखलं असशील.

दवाखान्यात त्यानेच नेलं. प्लास्टर होईपर्यंत ढसाढसा रडत होता. कलम भाषणात ठेवलंय.

तू म्हणशील, आत्ताच तक्रार कर. पण करार मांडणाराच बायकोला मारतो, हे छापून आलं की विरोध करणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. आणि खरं कारण वेगळंच आहे. मागे दोनदा मी पोलिसांत गेले आणि दोनदा माघार घेतली. सासूबाईंनी पदर पसरला, तुझ्या दादाने पाय धरले, मी विरघळले. मला त्याची दया येते गं. अजूनही येते. त्याच्या हातापेक्षा मला माझ्या या दयेची जास्त भीती वाटते.

म्हणून थांबलेय. गुरुवारी फोटोत त्याच्या शेजारी उभी राहीन, प्लास्टर शालीखाली झाकेन. करार लागू व्हायला किती महिने लागतील, तूच जाणे. तोवर धड राहिले, तर तो लागू होईल त्याच दिवशी तुझ्या ऑफिसात येईन.

सख्ख्या भावाविरुद्ध वकीलपत्र घेताना तुझा जीव तुटेल. तरी घे. मग काही दिवसांनी मी पुन्हा येईन, रडेन, तुझे हात धरेन, म्हणेन, तो सुधारलाय, मिटवून टाक. तेव्हा माझं एक अक्षरही ऐकू नकोस. मला दारातूनच परत पाठव.

तुझी,
आज तरी खंबीर असलेली,
वहिनी