तुलनेसाठी एक निरोगी व्यक्ती

कर्जत. बुधवार, ३ ऑक्टोबर १९३४. संध्याकाळी ६

डॉक्टर पनवेलहून आले, एकवीस रोगी पाहिले, गेले. जाताना शुक्राविषयी बोलले. शुक्रा हा दवाखान्याचा हमाल, पळसदरीच्या वरच्या वाडीतला. दर शनिवारी औषधांची पेटी खालापूरला नेतो. गेल्या शनिवारी पेटी पोचली, शुक्रा पोचला नाही. पेटी कुणाच्या बैलगाडीत ठेवून स्वतः वाटेत मोहाची दारू प्यायला उतरला. डॉक्टर म्हणाले, एक महिना बघू, नाही तर नोव्हेंबरपासून दुसरा माणूस. ठरवणार कशावरून, असे मी विचारले. म्हणाले, ‘मिस टिपणीस, तुम्ही शिकलेल्या आहात. काही मोजून दाखवा.’

मोजून दाखवीन.

नर्सच्या ट्रेनिंगमधली लेक्चरची वही काढली. दारू माणसाला चेतवते हा गैरसमज. ती मेंदूला गुंगी आणते, आणि वरच्या भागाला आधी, जो भाग ‘थांब’ म्हणतो. सवयीच्या माणसाला दारू मिळाली नाही की उलट होते. हात कापतात, घाम सुटतो, थांबणे अशक्य होते.

हिवतापाचा मोसम आहे. प्रतिबंधक म्हणून क्विनाइन वाइन, म्हणजे संत्र्याच्या वाइनमध्ये मिसळलेले क्विनाइन, अर्धा औंस घेतली. गोळ्या मला पचत नाहीत. नोंद केवळ अचूकतेसाठी.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

प्रयोग सुरू. शुक्राची दारू आजपासून बंद. चाचण्या दोन. एक: समोर ताटलीत वीस चणे व गुळाचा खडा. दहा मिनिटे हात लावला नाही तर दुप्पट मिळणार. दोन: औंसभर पाणी लहान मापात ओतणे. सांडलेले थेंब मोजणे.

शुक्राने विचारले, ‘बाई, ह्ये चणं माजंच हायत ना? मंग थांबायचं कशाला?’ प्रश्न समजण्यासारखा आहे. थांबला दोन मिनिटे. थेंब एकतीस.

तुलनेसाठी दारू न पिणारी एक निरोगी व्यक्ती हवी. मी स्वतः. मला चण्यांचे आकर्षण नाही, आणि जे नकोच त्याच्यापुढे संयमाची परीक्षा होत नाही. म्हणून माझ्यासमोर क्विनाइन वाइनचा औंस ठेवला. तशीही डोसची वेळ झालीच होती. थांबले दहा मिनिटे. थेंब शून्य.

पक्षपात नको म्हणून तक्त्यात नावे नाहीत. शुक्रा ‘अ’, मी ‘ब’. मला ठाऊक आहे, तेवढे पुरे.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

‘अ’ चार दिवस कोरडा. झोप नाही, हात कापतात, कपाळावर घाम. लेक्चरप्रमाणे. त्याला धीर दिला. तो म्हणाला, ‘डोक्यात येक कारबारी असतो बाई. त्यो निजला की गुरं कुनाच्या बी शेतात. आता त्यो जागा झालाय, पन लई चिडलाय.’ लेक्चर पाऊण तासाचे होते.

‘अ’ चार मिनिटे. ‘ब’ साडेनऊ. घड्याळ थोडे मागे पडते.

माझ्या कानात गुणगुण. क्विनाइनचा दुष्परिणाम, पुस्तकात दिला आहे. डोस कमी करणे भाग आहे. क्विनाइन निम्मे केले. वाइनचा कानाशी संबंध नाही, ती तशीच ठेवली.

शनिवार, १३ ऑक्टोबर

शुक्रा पेटी घेऊन खालापूरला गेला. पेटी पोचली, शुक्राही पोचला, निरोप आला.

दवाखान्याची झाडूवाली सोनुबाई झाडताना म्हणाली, ‘बाई, तुमी संत्री कुटनं आनता गं? रोज वास येतो. साल येक दिसत नाय.’ तिला सांगितले, औषधाचा वास आहे. म्हणाली, ‘मंग मला बी जरा बरं नाय.’

डोस आता दिवसाला दोन औंस. डास वाढले आहेत.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

दवाखान्याच्या अध्यक्षांच्या पत्नी पोटदुखी घेऊन आल्या. मी मुळात मितभाषी. त्यांना सांगितले की दुखण्याचे कारण करंज्या आहेत. हे वैद्यकीय सत्य आहे. मात्र मी ते दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा गाऊन. चाल कोणती होती ते आठवत नाही. सोनुबाईला विचारले तर म्हणाली, चांगली होती.

हवेत उष्मा होता.

‘अ’ सात मिनिटे, थेंब नऊ. ‘ब’ सहा मिनिटे. सोनुबाईच्या झाडूने लक्ष विचलित झाले. थेंब अकरा. माप निसरडे.

शनिवार, २० ऑक्टोबर

निश्चय. आजपासून डोस फक्त अन्नासोबत.

दुपारी ४. चहाबरोबरचे बिस्कीट हे अन्न आहे.

दुपारी ४.२०. दुसरे बिस्कीट.

सोमवार, २२ ऑक्टोबर

शंकेला जागा नको म्हणून एक दिवस डोस पूर्ण बंद. मला त्याची गरज नाही हे सिद्ध होईल.

मंगळवार, २३ ऑक्टोबर. सकाळी ८

हात कापतो आहे. घाम. चीड. निदान: हिवताप. थर्मामीटर ९८.४. थर्मामीटर बिघडला आहे.

सकाळी ८.१५. दोन औंस घेतले. दहा मिनिटांत हिवताप उतरला. इतके गुणकारी औषध दुसरे पाहिले नाही.

कानातली गुणगुण मात्र परत नको. क्विनाइन पूर्ण बंद केले. प्रतिबंधक डोस चालू.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

‘अ’ दहा मिनिटे, तिसऱ्यांदा. थेंब दोन. चणे मोजून माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, तुमीच खावा, त्वांड सुकलंय. मग माझी चाचणी बघत दारात बसला. त्याला घड्याळ मीच शिकवले, त्यामुळे तो आता मोठ्या काट्यावर लक्ष ठेवतो. चौथ्या मिनिटाला म्हणाला, ‘सपलं बाई?’ मी म्हटले, डोसची वेळ काटेकोर पाळावी लागते. तो म्हणाला, ‘माजा मोह झाडावर, तुमचा बाटलीत.’

विधान शास्त्रीयदृष्ट्या चूक. त्याची दारू फुलांची. ही संत्र्याची आहे.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवला. चार वेळा, कारण शाई सांडते. निष्कर्ष स्पष्ट आहे: दारू सुटली की थांबण्याची शक्ती परत येते. ‘ब’चे आकडे थोडे विचित्र दिसतात, पण प्रत्येकाखाली कारण दिले आहे. एकूण कारणे सतरा.

बुधवार, ३१ ऑक्टोबर. दुपारी ३

घडले ते क्रमाने लिहिते.

डॉक्टरांना घाई होती. त्यांनी फक्त शेवटचा आठवडा पाहिला. म्हणाले, ‘वा. ‘अ’ म्हणजे तुम्ही, उघडच आहे. हा ‘ब’ मात्र कामातून गेला. शुक्राला आजच सांगून टाकतो.’

शुक्रा बाहेर पेटीला दोरी बांधत होता. गाठ एका दमात बसली.

मी चौदा सेकंद मोजले. घड्याळ समोर होते. चौदा सेकंदांत बरेच सुचते, आणि सगळे सोयीचे. शुक्राला दुसरीकडे काम मिळेल, हेही सुचले. पण तक्त्यात चूक राहू देणे मला कधी जमलेले नाही.

म्हटले, ‘अ’ शुक्रा आहे.

डॉक्टर म्हणाले, मग ‘ब’ कोण? मी सोनुबाईचे नाव घेणार होते. सोनुबाई दारात झाडू घेऊन उभी होती.

म्हटले, तुलनेसाठी एक निरोगी व्यक्ती.

डॉक्टरांनी तक्ता पहिल्यापासून वाचला. सतराही कारणे वाचली. मग कपाटातली बाटली काढून बूच उघडले, चमचाभर चाखली. ‘क्विनाइन वाइन कडू असते, मिस टिपणीस.’

मी कानातल्या गुणगुणीविषयी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, ‘प्रयोग उत्तम केलात. फक्त रोगी कोण ते उलटे धरलेत.’ मग तेच म्हणाले जे चार आठवड्यांपूर्वी म्हणाले होते. एक महिना बघू. माझ्या गळ्यातली कपाटाची किल्ली मागून घेतली. ती शुक्राच्या करगोट्याला गेली.

शुक्रा हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते.

गुरुवार, १ नोव्हेंबर. सकाळी ८

हात कापतो आहे. थर्मामीटर ९८.४. थर्मामीटर बरोबर आहे.

शुक्राकडे किल्ली मागितली. कशाला, म्हणाला. बोरिक पावडर, म्हटले. त्याने स्वतः कपाट उघडून बोरिक पावडर काढून दिली आणि कपाट लावले. मग ताटली आणली. वीस चणे, गुळाचा खडा. घड्याळ माझ्यासमोर ठेवले. ‘धा मिंटं, बाई. मोटा काटा हितनं हितवर. तवर काय बी मागायचं नाय, किल्ली बी नाय.’

म्हटले, मला चण्यांचे आकर्षण नाही. म्हणाला, मला तरी कुटं हुतं.

बसले. सोनुबाईही झाडू टाकून समोर बसली.

शुक्रा म्हणाला, ‘बगा, माजं पयल्या दिशी दोनच झालं हुतं.’

तक्त्यातला ‘ब’ खोडून तिथे टिपणीस लिहिले. थांबले तीन मिनिटे, म्हणजे ‘अ’च्या पहिल्या दिवसापेक्षा एक जास्त.

सोनुबाई म्हणते, अडीच.